घशाला लागलं ते छातीत गेलं नाही: पंपाचे थेंब आणि दमा

प्रश्न कोथरूडच्या एका सूनबाईंचा आहे. सासूबाई ६७ वर्षांच्या, दमा पंधराएक वर्षांपासून. आधीच्या पंपावर २०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं होतं, आता डॉक्टरांनी बदलून दिलेल्या पंपावर १०० आहे आणि खोक्यावर ‘एक्स्ट्राफाइन’ (म्हणजे अतिबारीक) असा शब्द आहे. औषध तेच, बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड. जुना पंप मारला की घशावर गार फटका बसायचा, जिभेवर चव रेंगाळायची. नव्याचं काहीच जाणवत नाही. त्यामुळे सासूबाईंनी ‘हा पंप फुसका आहे’ असा निकाल देऊन दोनाच्या जागी चार पफ सुरू केलेत. धाकटे दीर म्हणतात, थेंब बारीक म्हणजे औषध जास्त पॉवरफुल. शेजारच्या काकूंचं म्हणणं, पंपाची भानगडच नको, घरी वाफेचं मशीन आणा. यात बरोबर कोण?

पूर्ण बरोबर कोणीच नाही. दीर त्यातल्या त्यात जवळ आहेत. मी पुण्यात २७ वर्षं छातीचे रोग बघतोय आणि ही तिन्ही मतं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच अडचण असते: पंपातून नेमकं काय बाहेर पडतं, ते कोणी कधी पाहिलेलंच नसतं.

म्हणून आधी ते पाहा. रात्री खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि पंपाचा एक पफ त्या उजेडात सोडा. एक पफ वाया जाईल, जाऊ द्या. तोंडाशी दाट पांढरा झोत दिसेल, चार बोटं पुढे तो फिका होईल आणि वीतभर पुढे गेल्यावर विरून जाईल. औषध संपलं म्हणून तो विरत नाही. डबीत औषध फार थोडं असतं. बाकी सगळा दाबाखाली पातळ करून ठेवलेला वायू. बटण दाबलं की मोजून थेंबभर पातळ पदार्थ सुटतो, बाहेर येताक्षणी उकळायला लागतो आणि फुटून त्याचे असंख्य थेंब होतात. सुरुवातीला हे थेंब ३०-४० मायक्रॉनचे आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. जसजसा वायू उडतो तसतसा थेंब आक्रसतो, आणि शेवटी उरतो तो औषधाचा चिमुकला कण. पण पंपाच्या तोंडापासून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर वीतभरसुद्धा नाही. तेवढ्यात सगळे थेंब वाळत नाहीत. जे ओले आणि जड राहतात ते घशावर आपटतात, आणि उडून जाणारा वायू तिथली उष्णता खेचून नेतो. सासूबाईंना इतकी वर्षं भरवसा वाटला तो ‘गार फटका’ हाच. तो वाया गेलेल्या औषधाचा होता.

आता आकाराबद्दल. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. छातीत पोचून कामी येणारे थेंब ढोबळ मानाने १ ते ५ मायक्रॉनचे. त्याहून मोठे घशात अडकतात, त्याहून लहान असतात त्यांतले बरेच उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. इतकं बहुतेक माहितीपत्रकांत असतं. असं का होतं, ते मात्र क्वचितच कोणी सांगतं. आणि पंप कसा घ्यायचा याचं सगळं उत्तर त्या ‘का’मध्ये आहे.

लक्ष्मी रस्त्यावरून तुळशीबागेच्या बोळात वळायचं आहे असं समजा. स्कूटर वळेल. पीएमटीची बस त्याच वेगाने वळवायला गेलात तर समोरच्या दुकानात शिरेल. थेंबांचं तसंच आहे. तोंडातून घशात उतरताना हवेला जवळजवळ काटकोनात वळावं लागतं. हवा वळते, हलके थेंब तिच्याबरोबर वळतात, जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर बसतात. पण वेग फार असेल तर स्कूटरसुद्धा घसरते, हेही लक्षात ठेवा. थेंब आपटणार की वळणार हे त्याच्या आकारावर ठरतं तसंच वेगावरही ठरतं. आकार कंपनी ठरवते. वेगाचा बराचसा भाग तुमच्या हातात, खरं तर तुमच्या श्वासात असतो.

घसा पार केला की पुढे झाड उलटं टांगल्यासारखी रचना. मुख्य श्वासनळी पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद, तिच्या दोन फांद्या, त्यांच्या दोन-दोन, असं २३ वेळा. आठव्या-नवव्या फाट्याच्या पुढे नळ्या २ मिलिमीटरपेक्षा बारीक होतात. तिथे हवेचा वेग इतका मंदावतो की आपटण्याचा प्रश्न उरत नाही. तिथे थेंब खाली बसतो, गिरणीत पिठाचा धुरळा बसतो तसा. रवा झटकन खाली येतो, मैदा तरंगत राहतो.

आम्ही ‘पंप ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखा’ असं सांगतो ना, त्याचा हिशोब इथे आहे. तो मी रुग्णांना कागदावर काढून दाखवतो, विशेषतः इंजिनिअर मंडळींना, कारण त्यांना नुसतं ‘रोखा’ म्हटलेलं पटत नाही. ५ मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला पाऊण मिलिमीटर खाली येतो. ३ मायक्रॉनचा पाव मिलिमीटरहून थोडा जास्त. १ मायक्रॉनचा जेमतेम ०.०३५ मिलिमीटर. आता दहा सेकंदांनी गुणा. ३ मायक्रॉनचा थेंब पावणेतीन मिलिमीटर खाली आला, म्हणजे २ मिलिमीटरच्या नळीच्या भिंतीला तो लागणारच. तुम्ही दोन सेकंदांत श्वास सोडलात तर तो अर्धा मिलिमीटरच उतरलेला असतो, अजून अधांतरी, आणि आलेल्या वाटेने परत बाहेर. १ मायक्रॉनचा थेंब दहा सेकंदांतही तिसरा हिस्सा मिलिमीटर उतरतो. त्याला बसायचं तर अगदी टोकाच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या नळ्यांपर्यंत जावं लागतं. ‘लहान म्हणजे उत्तम’ या समजाला पहिला तडा इथेच जातो.

दुसरा तडा वजनाचा. थेंबातलं औषध त्याच्या घनफळावर ठरतं. व्यास दहा पट वाढला की औषध हजार पट. १० मायक्रॉनचा एकच थेंब घशात बसला, तर १ मायक्रॉनच्या हजार थेंबांइतकं औषध तिथेच राहिलं. म्हणून थेंबांची नुसती संख्या मोजून उपयोग नसतो. खोक्यावर किंवा शोधनिबंधात ‘आकार २ मायक्रॉन’ असं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की निम्मं औषध त्याहून बारीक थेंबांत आहे आणि निम्मं त्याहून मोठ्या. कुठल्याही पंपातून एकाच मापाचे थेंब निघत नाहीत.

आता सासूबाईंच्या दोन पंपांकडे येतो. हातात मावणारा पहिला दाबाचा पंप १९५६ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजने आणला. कंपनीच्या प्रमुखांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं होतं म्हणे, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डबीत का भरता येत नाही? त्यानंतर चार दशकं सगळे पंप सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूवर चालले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर वाचवण्यासाठी तो वायू टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि एचएफए (हायड्रोफ्लुरोअल्केन) हा वायू आला. नवा वायू म्हणजे सगळ्या औषधांची घडी नव्याने बसवणं आलं. जुन्या पंपात बेक्लोमेथासोनची दळलेली पूड वायूत नुसती तरंगत असे. वायू उडाला की उरणार पुडीचा कण, त्याहून बारीक होणं शक्यच नव्हतं. नव्या वायूत थोडं अल्कोहोल घालून हेच औषध विरघळवता आलं. विरघळलेल्या औषधाचा थेंब वाळला की मागे राहतो तो १.१ मायक्रॉनच्या आसपासचा कण. झोतही मऊ आणि कमी गार झाला. किरणोत्सारी खूण लावून मोजणी केली तेव्हा जुन्या सीएफसी बेक्लोमेथासोनचं दहा टक्क्यांहून कमी औषध छातीत सापडलं होतं, नव्याचं निम्म्याहून जास्त.

इथे जरा थांबा, कारण यात एक गंमत आहे. जुन्या पंपाचे कण ३.५ मायक्रॉनचे होते, म्हणजे ‘१ ते ५’च्या चौकटीत अगदी व्यवस्थित बसणारे. तरी नव्वद टक्के औषध घशात! चौकट चुकीची नव्हती, पण झोत जोरकस होता आणि घशापाशी पोचेपर्यंत थेंब वाळलेले नव्हते. खोक्यावरचा आकार वाळलेल्या कणाचा असतो, तुमचा घसा मात्र ओल्या थेंबाशी सामना करतो.

मात्रा निम्मी का, हे आता वेगळं सांगायला नको. जास्त भाग छातीत जातो म्हणून कमी औषध पुरतं. चाचण्यांमध्येही निम्म्या मात्रेत दमा तितकाच आटोक्यात राहिला. म्हणजे १०० चे दोन पफ सासूबाईंच्या २०० च्या दोन पफांच्या तोडीचे आहेत, आणि त्या चार घेतात तेव्हा ठरवून दिलेल्याच्या दुप्पट स्टिरॉइड छातीत जातंय. चार दिवसांत काही बिघडत नाही, पण महिनोन्महिने असं चालू ठेवायचं कारण नाही. अगदी बारीक कण टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथून औषध रक्तात सहज जातं. उद्यापासून चिठ्ठीत आहेत तेवढेच पफ, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ही गोष्ट न लपवता सांगा.

एक सावधगिरी. सगळेच एचएफए पंप बारीक थेंबांचे नसतात. काही कंपन्यांनी नवा वायू वापरूनही कणांचा आकार मुद्दाम जुन्याइतकाच ठेवला, मात्रेचा घोळ होऊ नये म्हणून. त्यामुळे बाजारात एकाच नावाच्या औषधाचे दोन स्वभावाचे पंप असू शकतात. ब्रिटनमध्ये याचसाठी बेक्लोमेथासोनचा पंप ब्रँडच्या नावानेच लिहावा असा सरकारी सल्ला आहे. आपल्याकडे दुकानदार ‘तो नाही, हा घ्या, सेम कंटेंट आहे’ म्हणतो. गोळीच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. पंपाच्या बाबतीत कंटेंट सेम असून छातीत पोचणारं औषध दुप्पट किंवा निम्मं असू शकतं. दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावा.

आता दिरांचं म्हणणं: बारीक तेवढं पॉवरफुल. यावर लंडनच्या ओमर उस्मानी आणि सहकाऱ्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक सुरेख अभ्यास आहे. त्यांनी साल्बुटामॉलचे (अस्थालिनमध्ये असतं तेच औषध) अगदी एकसारख्या मापाचे थेंब तयार केले: १.५, ३ आणि ६ मायक्रॉन. बारा दमेकऱ्यांना तिन्ही दिले. छातीत सर्वांत जास्त औषध गेलं ते १.५ मायक्रॉनचं, ५६ टक्के. ६ मायक्रॉनचं ४६ टक्के. पण नळ्या जास्त मोकळ्या झाल्या त्या मोठ्या थेंबांनी! कारण सरळ आहे. साल्बुटामॉलला नळ्यांभोवतीचा स्नायू सैल करायचा असतो, आणि तो स्नायू मोठ्या-मधल्या नळ्यांना. बारीक थेंब त्याला ओलांडून खोल निघून गेले. पाहुणा दारावरून पुढे गेला, तसं. मोठे थेंब वाटेतच, हव्या त्या जागी बसले. मात्र यातली एक अट विसरू नका: हा फायदा श्वास संथ घेतला तेव्हाचा. जोरात ओढल्यावर मोठे थेंब घशातच जास्त अडकले. पुन्हा बस, पुन्हा वळण.

स्टिरॉइडचं गणित वेगळं. दम्याची सूज मोठ्या नळ्यांपासून बारीक नळ्यांपर्यंत सगळीकडे असते, त्यामुळे तिथे औषध खोलवर पसरलेलं बरं. म्हणून बारीक थेंबांचा प्रयोग रोजच्या स्टिरॉइड पंपांत जास्त झाला आणि तातडीच्या पंपांत फारसा नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्यांचा आवाज सारखा बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते, किंवा श्वास चाचणीत बारीक नळ्यांचा अडथळा जास्त दिसतो, त्यांना मी एक्स्ट्राफाइन पंपाचा विचार करतो. बाकीच्यांना आहे तो पंप नीट घ्यायला शिकवण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा थेंबाचा आकार बदलून पडलेला मी क्वचित पाहिलाय.

नीट घेणं म्हणजे काय, ते एका गुरुजींवरून सांगतो. निवृत्त शिक्षक, नारायण पेठेत राहणारे, शिस्तीचे. अकरा वर्षं पंप घेत होते आणि तरी रात्री दोनला उठून बसायचे. म्हटलं, माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी पंप हलवला, तोंडात धरला, जोरात श्वास आत खेचला, मग बटण दाबलं. नाकातून आणि ओठांच्या कोपऱ्यातून धुपासारखा पांढरा धूर बाहेर. श्वास आधी संपला होता, औषध मागून आलं. अकरा वर्षं! त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्या ‘कोणी’मध्ये पहिली दोन वर्षं मीही होतो. मी मात्रा वाढवत गेलो, पंप बदलले, पण ‘घेऊन दाखवा’ हे दोन शब्द म्हणायला मला दोन वर्षं लागली.

दाबाच्या पंपाचा श्वास संथ हवा. आधी फुप्फुस रिकामं करा, ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला सुरुवात झाली की लगेच बटण, आणि मग चार-पाच सेकंद सावकाश ओढत राहा, गरम चहाचा भुरका घेतो तसं नाही, कमळाचा वास घेतो तसं. मग दहा सेकंद थांबा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने, पंप पुन्हा हलवून.

पावडरीच्या पंपाचं, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेल्या रोटाहेलरसारख्या यंत्राचं, नेमकं उलटं. तिथे दाबाचा वायू नसतो. थेंब करण्याचं, म्हणजे पावडर फोडण्याचं काम तुमच्या श्वासालाच करायचं असतं. कॅप्सूलमधलं औषध दळून १ ते ५ मायक्रॉनचं केलेलं असलं तरी इतकी बारीक पूड एकमेकांना चिकटून गोळे होते, म्हणून ती दुधातल्या साखरेच्या, लॅक्टोजच्या, जाड दाण्यांवर बसवलेली असते. दाणा कितीतरी पट मोठा. तुम्ही जोरात ओढलं की दाण्यावरची पूड सुटते आणि छातीत जाते, दाणा घशात राहतो. ती गोडसर चव त्याचीच. ओढ कमजोर असेल तर पूड दाण्यासकट घशात. इथे थेंबाचा आकार कारखान्यात अर्धाच ठरतो, उरलेला तुमच्या श्वासाने ठरतो.

माझी एक चूक यातली. सुरुवातीच्या वर्षांत एका ७४ वर्षांच्या आजींना मी रोटाहेलर लिहून दिला, कारण बटण दाबून श्वास जुळवणं त्यांना जमत नव्हतं आणि तो स्वस्तही होता. जुलै महिना. पंधरा दिवसांनी त्या जास्तच धापा टाकत आल्या. समोर घ्यायला सांगितलं: कॅप्सूल बसवली, फिरवून उघडली, ओढलं. पारदर्शक नळीत पांढरी पावडर जवळजवळ तशीच. आधीच ओढ कमी, त्यात त्या दोन दिवसांच्या कॅप्सूल डबीतून काढून देवघराशेजारी वाटीत ठेवायच्या, हाताशी असाव्यात म्हणून. पुण्याच्या पावसाळी हवेत पुडीचे गोळे झाले होते. कॅप्सूल घेण्याच्या क्षणीच डबीतून काढायची, यंत्रात कधी फुंकायचं नाही, आणि ओढून झाल्यावर नळी उजेडाकडे धरून बघायचं. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना शेवटी पंप आणि स्पेसर दिला.

स्पेसर. माझ्या मते दम्याच्या सगळ्या उपचारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. पंप आणि तोंड यांच्या मध्ये लावायचं पोकळ नळकांडं, बाकी काही नाही. पण टॉर्चच्या उजेडात पाहिलेला तो झोत आठवा. स्पेसरमध्ये त्याला अंतर मिळतं आणि क्षणभर वेळ मिळतो. वेग ओसरतो, वायू उडतो, ओले थेंब वाळून बारीक होतात, जे जड राहतात ते घशाऐवजी प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतात. म्हणजे साध्या पंपाला स्पेसर लावला की घशात जाणारा मोठ्या थेंबांचा भाग तुम्ही स्वतःच गाळून टाकलात. स्पेसर विकत घेणं जमत नसेल तर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही भागतं; दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली मुलांवर केलेल्या अभ्यासात नीट सील केलेल्या अशा बाटलीने विकतच्या स्पेसरइतकाच गुण दिला होता. स्पेसर कोरड्या फडक्याने मात्र पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि ती बारीक थेंबच ओढून घेते. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि निथळत ठेवून वाळू द्या.

शेजारच्या काकूंचं मशीन. नेब्युलायझरला आपण ‘वाफ’ म्हणतो आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. ती वाफ नाही, हवेच्या जोराने फोडलेले औषधाच्या पाण्याचे थेंब आहेत, आणि तेही १ ते ५ मायक्रॉनमध्ये बसवायचेच कष्ट असतात. धुकं डोळ्यांना भरपूर दिसतं म्हणून समाधान वाटतं, पण त्यातला मोठा भाग खोलीत जातो, थोडं औषध कपातच उरतं. कप जुना झाला किंवा हवेचा दाब कमी पडला की थेंब मोठे होत जातात आणि ते डोळ्यांना कळत नाही. बऱ्याचशा अटॅकमध्ये पंप आणि स्पेसर यांनी नेब्युलायझरइतकाच गुण येतो, हे मोठ्यांत आणि मुलांत अनेकदा तपासलं गेलंय. ज्यांना स्पेसरमधूनही श्वास घेता येत नाही, किंवा ज्यांचा दमा फार तीव्र आहे, त्यांना मशीन लागतं. सासूबाई त्यांत दिसत नाहीत. आणि हो, पातेल्यातलं गरम पाणी आणि टॉवेल घेऊन केलेल्या वाफाऱ्याने नाक मोकळं होईल. त्याचे थेंब दम्याच्या नळ्यांपर्यंत जात नाहीत, गेले तरी त्यांत औषध नाही.

आकाराचा हा नियम फक्त औषधाला लागू नाही, म्हणून पुणेकर दमेकऱ्यांसाठी थोडं विषयांतर. फुलांचे अखंड परागकण बहुतेक १५ मायक्रॉनच्या वरचे, म्हणून ते नाकातच अडकतात: शिंका, डोळ्यांना खाज. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ ला वादळी पावसात गवताचे पराग फुटून त्यांचे बारीक तुकडे झाले, ते थेट छातीत उतरले, हजारो माणसं धापा टाकत रुग्णालयांत आली आणि दहा जण दगावले. पराग तेच, आकार बदलला. पाषाणच्या हवामान संस्थेच्या ‘सफर’ अॅपवर तुम्ही जो पीएम २.५ चा आकडा बघता, तो २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा आहे. तुमच्या पंपाचे थेंब ज्या मापाचे करायला कंपन्यांनी इतकी वर्षं घालवली, साधारण त्याच मापाची घाण. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांच्या धुराची मोजणी केली होती, तेव्हा सर्वांत जास्त पीएम २.५ सोडणारा फटाका निघाला तो आवाजसुद्धा न करणारी नागगोळी. दिवाळीत नातवंडांना ‘बॉम्ब नको, नागगोळी लाव’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांनी हे वाचावं.

‘पंपाची सवय लागते का’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात कोणीतरी विचारणार आहे. नाही लागत. सवय लागलीच तर निळ्या, म्हणजे साल्बुटामॉलच्या तातडीच्या पंपावर निभावून नेण्याची लागते, आणि ती धोक्याची. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांनी मोठ्या माणसांना फक्त साल्बुटामॉलवर ठेवणं बंद करा असं स्पष्ट सांगितलंय. सोबत स्टिरॉइड हवंच.

तर सूनबाई, सासूबाईंना एवढं करायला सांगा. पफ चिठ्ठीप्रमाणे. पंप स्पेसरमधून, संथ श्वासाने, दहा सेकंद थांबून. पंधरा दिवस रोज रात्री खोकला आला का, निळा पंप किती वेळा लागला, हे कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचं; पंप फुसका आहे की नाही ते घशाला विचारायचं नाही, त्या कॅलेंडरला विचारायचं. घेऊन झाल्यावर चूळ भरून थुंकायची. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या पंपाचा गुण चार तासही टिकत नसेल, तर कॅलेंडर वगैरे सगळं सोडून स्पेसरमधून निळा पंप देत देत रुग्णालय गाठा.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांच्या पिशवीत दोन्ही पंप टाका, जुना आणि नवा. डॉक्टरांनी ‘घेऊन दाखवा’ म्हटलं नाही, तर सासूबाईंनीच म्हणावं, ‘बघा हो, मी बरोबर घेते का?’